नेब्युलायझरचा कप कोण धुणार?

मंडळी, आज खड्डे नाहीत, पाणीकपात नाही, उड्डाणपुलावरचा ट्रॅफिक नाही. आज तुमच्या घरात टीव्हीच्या टेबलाखाली किंवा कपाटावर ठेवलेल्या एका छोट्या मशीनबद्दल लिहितोय. दुकानदार त्याला नेब्युलायझर म्हणतो, आपण सगळे "वाफेचं मशीन" म्हणतो. पोस्ट लांब आहे. पण घरात दम्याचा, सीओपीडीचा पेशंट असेल किंवा सारखी छाती भरणारं लहान मूल असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

शहाडमध्ये श्वासाचा विषय काढला की आपलं बोट आधी बाहेर जातं. कारखान्याचा वास, कल्याण-मुरबाड रोडची धूळ, डिझेलचा धूर. ते सगळं खरं आहे आणि त्यावर मी लिहीत आलोय, पुढेही लिहीन. पण बाहेरच्या हवेसाठी आपण निवेदनं देतो, मोर्चे काढतो, आणि घरातल्या ज्या कपातून आपला माणूस दिवसातून दोन-तीनदा थेट फुप्फुसात हवा ओढतो, तो कप शेवटचा कधी उकळला, हे विचारलं की घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

बातमीच्या निमित्ताने घरोघरी जाणं होतं. हे मशीन आता मला खूप घरांत दिसतं. बहुतेक वेळा चित्र एकच असतं. मास्क खुंटीला टांगलेला, नळी गुंडाळून ठेवलेली, आणि कपाच्या तळाशी कालच्या औषधाचे चार थेंब तसेच. विचारलं की उत्तर ठरलेलं: "अहो, वाफच तर येते त्यातून, त्यात काय घाण होणार?"

इथेच सगळी गडबड आहे. त्यातून वाफ येत नाही.

वाफ म्हणजे पाणी उकळून येते ती. ती गरम असते. नेब्युलायझरमध्ये काहीच गरम होत नाही. खालचं मशीन फक्त हवा जोरात ढकलतं. ती हवा कपातल्या बारीक छिद्रातून सुटते, औषध वर ओढलं जातं आणि त्याचे अतिशय बारीक तुषार होतात. एक ते पाच मायक्रॉन एवढे. ते इतके बारीक असल्यामुळेच नाकात, घशात न अडकता फुप्फुसाच्या आतल्या फांद्यांपर्यंत पोहोचतात. औषधासाठी ही मोठी सोय आहे. पण कपात जंतू असतील तर त्यांच्यासाठीही तीच सोय. थंड तुषारात जंतू मरत नाहीत, ते औषधाच्या सोबत आत जातात. "वाफेचं मशीन" या नावामुळे आपल्याला वाटतं की गरम आहे म्हणजे आपोआप स्वच्छ होत असेल. नावानेच फसवलंय आपल्याला.

आणि कप कधीच पूर्ण रिकामा होत नाही. मशीन फुरफुरायला लागलं, धुकं थांबलं, तरी अर्धा-एक मिली औषध तळाशी आणि भिंतींना चिकटून राहतं. आपल्याकडची दमट हवा, जून ते सप्टेंबर तर विचारू नका. बंद, ओला, कोमट कप. जंतूंना याहून चांगली खोली कुठे मिळणार? काही दिवसांनी आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं. तो जंतूंनी स्वतःभोवती केलेला थर असतो, आणि नुसतं पाणी ओतून तो निघत नाही.

ही गोष्ट आजची नाही. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं की हॉस्पिटलातल्या श्वासोपचाराच्या यंत्रांचे नेब्युलायझर जंतूंनी भरलेले असतात आणि त्यांच्या तुषारांतून ते फुप्फुसापर्यंत जाऊ शकतात. त्यानंतर हॉस्पिटलांनी धुण्याचे, निर्जंतुक करण्याचे कडक नियम केले. १९९६ मध्ये ब्रिटनच्या डॉक्टरांनी सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांचे घरी वापरातले नेब्युलायझर तपासले, तर तिथेही जंतू सापडले. त्यात एक होता बर्खोल्डेरिया सेपेशिया. याची कथा आपल्याला जवळची वाटेल. १९५० मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर बर्खोल्डर नावाच्या वनस्पती-रोगतज्ज्ञाने तो शोधला, तो कुजलेल्या कांद्यात. सेपा म्हणजे लॅटिनमध्ये कांदा. कांदा सडवणारा जंतू, पण आधीच कमजोर असलेल्या फुप्फुसात शिरला तर माणसाला जेरीस आणतो, आणि बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद देत नाही.

परदेशातलं सोडा. आपल्या पिंपरीच्या डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी रुग्णांच्या वापरातल्या श्वासाच्या उपकरणांवर कोणते जंतू बसतात आणि निर्जंतुक केल्याने काय फरक पडतो, यावर २०१३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे प्रश्न आपल्याकडे माहीत आहे. तो आपल्या डॉक्टरांना, प्राध्यापकांना माहीत आहे. तुमच्या-माझ्या घरातल्या टेबलापर्यंत तो आलेला नाही.

आणि घरं थोडीथोडकी नाहीत. २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या भारताच्या आकडेवारीनुसार १९९० मध्ये देशात सीओपीडीचे साधारण २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, २०१६ मध्ये ते ५ कोटी ५३ लाख झाले. "आमच्याकडे कोणी विडी-सिगारेट ओढत नाही" म्हणून सुटका नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्राध्यापक पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच लॅन्सेटमध्ये लिहिलं होतं की आयुष्यात कधी धूम्रपान न केलेल्यांनाही सीओपीडी मोठ्या प्रमाणावर होतो. त्यात चुलीचा धूर हे एक मोठं कारण. मुरबाड, शहापूरकडून इकडे राहायला आलेल्या, अर्धं आयुष्य चुलीपुढे फुंकणी धरून काढलेल्या आपल्या आज्या आठवा. आज त्याच आज्या तोंडाला मास्क लावून बसतात.

एक प्रसंग सांगतो. आमच्या भागातले एक काका, सीओपीडीचे जुने पेशंट. एका पावसाळ्यात तीनदा छाती भरली, तीनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. तिसऱ्यांदा नव्या डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी आधी विचारलं, "नेब्युलायझरचा कप सोबत आणलाय का?" काकूंनी पिशवीतून काढला. आत पिवळट चिकट थर, मास्कच्या कडेला काळे ठिपके. त्यांच्या आजाराचं कारण तोच कप होता, असं काही कुणी प्रयोगशाळेत सिद्ध केलेलं नाही, आणि मीही तसं म्हणत नाही. पण काकू मला म्हणाल्या ते वाक्य डोक्यात बसलं: "दोन वर्षं झाली मशीन घेऊन. औषध कसं घालायचं ते सगळ्यांनी सांगितलं. धुवायचं कसं ते कुणीच नाही सांगितलं हो."

हा आहे माझा मुद्दा. मशीन हॉस्पिटलातून घरी आलं, पण हॉस्पिटलातली धुण्याची शिस्त त्याच्याबरोबर घरी आली नाही. डॉक्टरांना वाटतं मेडिकलवाला सांगेल. मेडिकलवाल्याला वाटतं खोक्यात कागद आहे. कागद इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. आणि तो कागद पहिल्याच दिवशी खोक्यासकट माळ्यावर जातो.

मी स्टेशनजवळच्या दोन-तीन मेडिकलमध्ये सहज विचारून बघितलं, "भाऊ, हा कप धुवायचा कसा?" एक म्हणाला गरम पाण्याने. दुसरा म्हणाला डेटॉल टाका. तिसरा म्हणाला, "त्याला काय होत नाही दादा, नळाखाली धरा." तिघंही भली माणसं आहेत. पण त्यांनाही कुणी शिकवलेलं नाही.

नळाचं पाणी म्हणाल, तर आपल्याकडे उल्हास नदीचं पाणी येतं. ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला पाणी देणाऱ्या स्टेम योजनेच्या नावातलं पहिलं अक्षरच शहाडचं आहे. ते पाणी शुद्ध करून, क्लोरीन टाकून येतं, पिण्यासाठी असतं. पण पिण्यायोग्य आणि निर्जंतुक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्यायलेलं पाणी पोटात जातं, तिथे आम्ल आहे. फुप्फुसात आम्ल नाही. त्यात आपण ते पाणी सोसायटीच्या टाकीत, मग घरातल्या पिंपात साठवतो. बिसलेरी किंवा फिल्टरचं पाणीसुद्धा निर्जंतुक नसतं. उकळलेलं असतं.

आता करायचं काय, ते सरळ सांगतो. मी डॉक्टर नाही. पण सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांसाठी अमेरिकेत जी नियमावली आहे ती या विषयातली सर्वात कडक मानली जाते, आणि २०२२ मध्ये आपल्या छातीच्या डॉक्टरांनीही नेब्युलायझरवर भारतीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. जाणकार डॉक्टर सांगतात त्याचं सार असं:

१. आधी हात साबणाने धुवा. औषध घालण्यापूर्वीही आणि कप धुण्यापूर्वीही.

२. प्रत्येक वेळी औषध घेऊन झालं की कप उघडा, सगळे भाग सुटे करा, उरलेलं औषध फेकून द्या. भांड्याच्या साध्या लिक्विड साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि खळबळून घ्या. हे मोरीत किंवा बेसिनमध्ये ठेवून करू नका. यासाठी एक वेगळं स्वच्छ पातेलं ठेवा.

३. रोज एकदा, रात्रीचं शेवटचं औषध झाल्यावर, धुतलेला कप आणि तोंडात धरायची नळी स्टीलच्या पातेल्यात पूर्ण बुडतील एवढ्या पाण्यात घाला आणि खळखळ उकळी आल्यापासून ५ मिनिटं उकळा. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांसाठी हे प्रत्येक वापरानंतर करायला सांगतात. बाळाच्या दुधाच्या बाटल्यांचं वाफेवरचं स्टरिलायझर घरात असेल तर तेही चालतं.

४. उकळण्याआधी खोक्यातला कागद बघा. सगळेच कप उकळायचे नसतात. एकदाच वापरून फेकायचे कप उकळले तर वाकडे होतात, मग तुषार नीट होत नाहीत. पातळ प्लास्टिकचे मास्कही बहुतेक उकळायचे नसतात. ते साबणाने धुऊन वाळवायचे. जाळीवर चालणारं छोटं हातातलं मशीन असेल तर त्याचे नियम वेगळे आहेत, कागद वाचल्याशिवाय पाण्यात घालू नका.

५. पुसू नका, वाळू द्या. स्वच्छ सुती कपड्यावर किंवा टिश्यूवर, धूळ येणार नाही अशा जागी. ओला कप डब्यात बंद केला तर सगळी मेहनत वाया. पावसाळ्यात वाळत नाही, म्हणून दोन कप ठेवा. एक वापरात, एक वाळतोय.

६. नळी धुवायची नसते. आत पाण्याचे थेंब दिसले तर कप काढून मशीन एक-दोन मिनिटं नुसतं चालू ठेवा, हवेने वाळते. आत काळे डाग दिसले तर सरळ नवी घ्या. मशीनच्या अंगाला एक छोटा फिल्टर असतो, तो महिन्यातून एकदा तरी बघा. राखाडी झाला की बदला. मशीन पाण्यात घालू नका, ओल्या फडक्याने पुसा, तेही प्लग काढून.

आता काय करायचं नाही तेही.

डेटॉल, फिनाईल, ब्लीच मनाने घालू नका. त्याचा अंश राहिला तर तो श्वासातून आत जातो. हाताचं सॅनिटायझर लावू नका, त्यात सुगंध आणि इतर बरंच काही असतं. व्हिडिओत व्हिनेगर दाखवतात, पण त्या कडक नियमावलीत व्हिनेगर पुरेसं मानलेलं नाही. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५ मिनिटं बुडवणं ही मान्य पद्धत आहे, पण त्यानंतर निर्जंतुक पाण्यानेच खळबळावं लागतं आणि अल्कोहोल गॅसजवळ ठेवणं धोक्याचं. आपल्या घरांसाठी उकळणंच सोपं, स्वस्त आणि खात्रीचं. उन्हात ठेवून निर्जंतुक होतं हाही गैरसमज आहे. रस्त्याकडच्या गॅलरीत ठेवला तर धूळच बसेल.

औषधात नळाचं पाणी घालू नका. घरी मीठ-पाणी करून सलाईन बनवू नका. अर्धी उरलेली प्लास्टिकची रेस्प्यूल उद्यासाठी ठेवू नका. आणि बुडेसोनाईडसारखं स्टेरॉईड घेतलं तर नंतर चूळ भरा, मास्क असेल तर चेहरा धुवा. नाहीतर तोंडात बुरशी होते.

अजून एक, आणि हे जरा नाजूक आहे. आपल्याकडे शेजारधर्म मोठा. रात्री दोन वाजता पोराची छाती वाजायला लागली की आपण शेजारच्या वहिनींकडे मशीन मागायला जातो, आणि वहिनी देतातही. हे चांगलं आहे, ते बंद होऊ नये. पण मशीन द्या, कप आणि मास्क देऊ नका. आजोबांचा आणि नातवाचा मास्क वेगळा असतो, पण कप एकच असतो, असंही बऱ्याच घरांत चालतं. कपही वेगळाच हवा. ठिकठिकाणी मंडळं, ट्रस्ट रुग्णोपयोगी साहित्य डिपॉझिटवर देतात. फार मोठं काम आहे हे, मनापासून नमस्कार. त्यांना एकच विनंती. मशीन फिरतं ठेवा, पण प्रत्येक नव्या पेशंटला कप-मास्कचा नवा सेट घ्यायलाच लावा. मशीनच्या मानाने सेट फारच स्वस्त येतो.

काही मित्र म्हणतील, "पत्रकारसाहेब, उगाच घाबरवता. आम्ही वर्षानुवर्षं नळाखाली धरतोय, काही झालं नाही." मान्य. धडधाकट माणसाचं शरीर बरंच काही पचवतं. पण नेब्युलायझर धडधाकट माणूस वापरत नाही. तो वापरतो ज्याची फुप्फुसं आधीच थकलेली आहेत, जो म्हातारा आहे किंवा अगदी लहान आहे. आणि घाबरून औषध बंद करू नका, हे मी ठळक अक्षरात लिहितो असं समजा. कप खराब आहे म्हणून औषध सोडणं हा जास्त मोठा धोका आहे. कप धुवा, औषध चालू ठेवा. हवं तर डॉक्टरांना विचारा की आम्हाला नेब्युलायझर लागतोच का, की स्पेसर लावून इन्हेलर चालेल. बऱ्याच पेशंटना त्याने तेवढाच फायदा होतो आणि धुण्याचा व्याप कमी होतो. पण हा निर्णय डॉक्टरांचा.

आता सरकारचं. नेब्युलायझरला औषध कायद्याखाली आणायची अधिसूचना केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये काढली, ती २०२१ पासून लागू झाली. जुलै २०२१ मध्ये कोविडच्या काळात राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने नेब्युलायझरसह पाच उपकरणांवरच्या नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. चांगलं झालं. म्हणजे मशीन कुणी बनवायचं, किती नफा घ्यायचा, यावर सरकारने विचार केला. ते मशीन घेणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत, दिसेल अशा अक्षरात, धुण्याची रीत मिळते का, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

हे करायला बजेट लागत नाही. शहाडला दोन महापालिकांच्या हद्दी भिडतात, कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर. दोघांच्या आरोग्य विभागाला माझी जाहीर मागणी आहे. एक पान छापा, चित्रांसकट. मराठीत, हिंदीत, आणि उल्हासनगरसाठी सिंधीतही. ते रुक्मिणीबाईच्या औषधांच्या खिडकीवर, उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, प्रत्येक आरोग्य केंद्रात लावा. आशाताई घरी जातात तेव्हा त्यांच्या हातात द्या. मेडिकलवाल्यांच्या संघटनेला सांगा की मशीन विकताना दोन मिनिटं कप सुटा करून दाखवायचा आणि सुटे कप-मास्क दुकानात ठेवायचे. छातीच्या डॉक्टरांना हात जोडून सांगणं की तपासणीला येताना कप घेऊन यायला सांगा. त्यावर एक नजर टाकली तरी पेशंटच्या घरात शिस्त लागते.

शेवटी घरातलं. वरच्या मथळ्यातला प्रश्न मी मुद्दाम विचारलाय. हे सगळं वाचून बहुतेक घरांत काय होणार ते मला माहीत आहे. पोस्ट सुनेला किंवा आईला फॉरवर्ड होणार आणि खाली लिहिलेलं असणार, "हे बघ, असं करायचं." तिच्या दिवसात आधीच शंभर कामं आहेत. तसं करू नका. ज्याला दम आहे पण हात चालतात, त्याने स्वतः धुवावा. कामावरून आल्यावर मोबाईल बघत बसणाऱ्या मुलाने रात्री पातेलं गॅसवर ठेवावं. उकळायची ५ मिनिटं, धुवायची ५ मिनिटं. आईबापांना मशीन घेऊन दिलं म्हणजे कर्तव्य संपलं, असं होत नाही.

तुमच्या घरात कुणी शिकवलं होतं का कप कसा धुवायचा? डॉक्टरांनी, दुकानदाराने, कुणीतरी? असेल तर खाली लिहा, नसेल तरी लिहा. ते सगळं एकत्र करून मी दोन्ही महापालिकांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना देणार आहे. आणि त्यांनी काय उत्तर दिलं, तेही इथेच लिहीन.